नंतरची भर

कोलदरा, ता. चिखली
९ जून २०२४

समीना,

“छकुली, मंग एवढे साल मी कोनाच्या हातात बांगड्या भरल्या?”

तुझ्या अब्बांनी, गुलजार चाचांनी, मला हे विचारलं त्याला आज तीन महिने झाले. मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मी उत्तर घेऊन आले आहे असं तुला वाटायला नको.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कागद. देऊळघाटचा तुझ्या मामांचा पत्ता मी अमडापूरच्या बाजारात तुमच्या जुन्या शेजारणीकडून घेतला. ती आधी देत नव्हती. “आता काय राह्यलं लिवाचं?” म्हणाली.

तुम्ही गाव सोडलं तेव्हा मी घरातच होते. खिडकी उघडी होती. बांगड्यांच्या पेट्या टेम्पोत ठेवायला तुझ्या अम्मी, खाला, तयार नव्हत्या, त्यांनी त्या मांडीवर घेतल्या, हे मी पाहिलं. तू खिडकीकडे एकदा बघितलंस, तेही पाहिलं. मी बाहेर आले नाही. मला ताप होता.

देवळापुढचा ओटा पाडला तो देवस्थानच्या कमिटीने. त्या सकाळी कमिटीच्या दीपकभाऊंनी माझं पुस्तक हातात धरून पान अकरा वाचलं, ते तू ऐकलंस. चाचा ओटा पाडायच्या मशीनसमोर उभे होते, खांद्यावर तो हिरवा गमछा. दीपकभाऊ आवाज चढवत नाहीत हे तुला माहीत आहे. ते म्हणाले, “चाचा, आमच्या मनात काही नाही. हे पाहा. ‘मंदिराच्या पूर्वेकडील मनियाराचा ओटा ही नंतरची भर आहे.’ हे माह्यं नाही. गुरवाच्या छायाताईनं लिहिलं. बी.ए. हाय ते, इतिहास घेऊन.”

“नंतरची म्हंजे?”

“म्हंजे देवळाचा नाही.”

“मी कुठं म्हनतो देवळाचा हाय?” चाचा म्हणाले. “देवीचा हाय म्हनतो.”

मग ते माझ्याकडे वळले आणि तो प्रश्न विचारला.

समीना, पुस्तकात जे छापलं ते मी लिहिलेलं नव्हतं. माझ्या मजकुराची त्यांनी काटछाट केली. एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

छाया


कोलदरा
२३ जून २०२४

समीना,

पोचपावती आली. तिच्यावर तुझी सही आहे. ‘स’ला तू अजून चौथीतल्यासारखाच पोटाशी फाटा काढतेस. बाकी काही नाही, पण सही आली.

पुस्तक कसं झालं ते सांगते. तुला सगळं देऊळ पाठ आहे, तरी लिहिते, कारण जे लिहायला हवं होतं ते मी एकदा तरी कुठेतरी नीट लिहिलेलं असावं.

गेल्या दिवाळीनंतर दीपकभाऊ आमच्या देवस्थानच्या खोलीवर आले. दऱ्याईच्या देवळाला तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळवायचा, तर प्रस्तावासोबत इतिहास आणि नकाशा लागतो. ते बाबांना म्हणाले, “रामरावकाका, बाहेरचा मानूस कायले आनाचा? घरात पोरगी हाय शिकेल.” बाबांनी मान खाली घालून घंटा पुसली. दीपकभाऊ पुढे म्हणाले, “नाव छापू. मुखपृष्ठावर. लेखन, कुमारी छाया रामराव गुरव, बी.ए.”

आमच्या घरात सही करणारी मी पहिली. बाबांना नाव दिसतं, वाचता येत नाही. मला त्या पुस्तकात काय दिसत होतं ते तुला सांगायला नको. आपल्या गावाला इतिहास आहे, तो कुणी लिहिलेला नाही, आणि तो खरा लिहायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शपथ घेतल्यासारखं.

मी सव्वा महिना टेप घेऊन देवळात होते. खालून एक्केचाळीस पायऱ्या. वर डावीकडे दीपमाळ, उजवीकडे नगारखाना. मग फरसबंदी आवार, आणि त्यात पूर्वेला तोंड करून देऊळ. मंडप चोवीस फूट लांब, तेवढाच रुंद, सोळा खांब, काळा दगड, सांध्यात चुना नाही. दगडावर दगड बसवलेला. मंडपाच्या पुढच्या भिंतीत मधोमध दार आणि आत शिरताना डाव्या हाताला एक झरोका. मंडपामागे अंतराळ, तिथून तीन पायऱ्या उतरून गाभारा. आत दऱ्याई.

आपल्या दऱ्याईला हात नाहीत. शेंदराचा तांदळा आणि चांदीचे दोन डोळे. बाहेरची माणसं येतात तेव्हा विचारतात, साडी कशी नेसवता, बांगड्या कशा भरता. साडी नुसती पांघरतो. आणि बांगड्या भरायला गुरवाच्या घरातल्या बाईचा हात. नवरात्रातल्या पाचव्या माळेला ती पूर्वेच्या ओट्यावर झरोक्याकडे तोंड करून बसते, मनियार तिच्या दोन्ही हातांत अकरा-अकरा हिरव्या बांगड्या भरतो, मग ती आत जाऊन दोन्ही हात तांदळ्यासमोर धरते. त्यानंतर गावातल्या बायका भरून घेतात, त्याआधी कुणी नाही. त्या दिवसापुरतं तिला नावाने हाक मारत नाहीत. ‘देवीचा हात’ म्हणतात.

आधी आजी होती. मग आई. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, घरात दुसरी बाई नव्हती. पहिल्या वर्षी मी मूठ इतकी घट्ट धरली की चाचांना बोटं सोडवता येईनात. तू साबणाच्या पाण्याचं भांडं धरून हसत होतीस. चाचा म्हणाले, “हात ढिला सोड, देवी. परीक्षेले बसली काय?” मग बिस्मिल्ला म्हणून पहिली बांगडी चढवली. बारा वर्षांत त्यांच्या हातून माझ्या हातावर एकही फुटली नाही.

हे सगळं मी पुस्तकात लिहिलं होतं. पावणेदोन पानं.

आणि शेवटी एक प्रकरण होतं, ‘नंतरची भर’. हा शब्द मी आमच्या सरांच्या तोंडून उचललेला. बिनचुन्याच्या देवळात चुना दिसला की ते काम नंतरचं, असं ते शिकवायचे. माझ्या यादीत पाच गोष्टी होत्या. पायऱ्या, दीपमाळ, नगारखाना, मंडपापुढचं पत्र्याचं शेड आणि ओटा. ओट्याला विटा होत्या, चुना होता. नियमाने तो नंतरचा. मी नियम लावला आणि मला फार शिकल्यासारखं वाटलं.

कमिटीने पाचातल्या चार यादीत ठेवल्या नाहीत. पायऱ्यांवर दीपकभाऊंच्या आजोबांच्या नावाची फरशी आहे. शेडवर त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी आहे. नगारखाना आणि दीपमाळ सरपंचांच्या घराण्याची. ओट्यावर कुणाचं नाव नव्हतं. आणि ती पावणेदोन पानं ‘जागेअभावी’ गेली.

पुस्तक मी पाहिलं ते छापून आल्यावर.

छाया


कोलदरा
२८ जुलै २०२४

समीना,

दुसऱ्या पत्राचीही पावती आली. सही तुझीच. तू पत्रं घेतेस. वाचतेस का ते मला कळायला मार्ग नाही, पण वाचतेस असं धरून मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मागे घेते.

पुस्तक मी छापण्याआधी पाहिलं होतं.

जानेवारीत दीपकभाऊंनी मला चिखलीला छापखान्यात बोलावलं. प्रूफ वाचायला. मी सकाळच्या एस.टी.ने गेले, लाल पेन घेऊन. पान अकरा माझ्यासमोर होतं. चार नावं गेलेली, एकच उरलेलं, आणि त्याच्या आधीची पावणेदोन पानं नाहीशी. मी ते वाक्य वाचलं. त्या वाक्यात ‘पुर्वेकडील’ असं छापलं होतं. मी लाल पेनाने तो ‘पु’ दीर्घ केला आणि पान उलटलं.

म्हणजे न वाचता सुटलं असं मला म्हणता येणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं मी त्यात.

दीपकभाऊ समोर चहा पीत होते. मी विचारलं, “भाऊ, बाकीचे चार?”

“ताई, ते लोकायच्या भावनेचं हाय. पूर्वजायची नावं हाय त्याच्यावर.”

“आणि पाचव्या माळेचं?”

“ते प्रथा हाय. हे वास्तूचं पुस्तक हाय. पुढच्या आवृत्तीत घेऊ.” मग त्यांनी मुखपृष्ठ पुढे सरकवलं. दऱ्याईचा रंगीत फोटो आणि खाली माझं नाव, अपेक्षेपेक्षा मोठ्या अक्षरात. “रामरावकाकाले दाखव आज.”

मी ते छातीशी धरून घरी आणलं. बाबांनी हात धुऊन घेतलं. “यातलं तुह्यं कोनतं?” म्हणाले. मी बोट ठेवलं. त्यांनी त्या ओळीवर अंगठा फिरवला. मला तेव्हा पान अकराचं आठवलं, पण बाबांच्या समोर नाही सांगितलं.

आणखी एक आहे. ते पहिल्या मसुद्यात होतं आणि दुसऱ्यात मी स्वतःच काढलं, कमिटीने नाही.

टेप घेऊन मोजताना मला खांब नीट बसेनात. सोळा खांब सारखे, पण दुसऱ्या रांगेतल्या एकाचा कोपरा वीतभर रुंद छाटलेला. मला वाटलं फुटला असेल. पण छिन्नीचे घाव बाकीच्या खांबांसारखेच होते, त्याच हाताचे. म्हणून मी एके दुपारी बाबांना तांदळ्याजवळ दोऱ्याचं टोक धरून बसवलं, डोळ्यांच्या उंचीवर, आणि दुसरं टोक घेऊन बाहेर निघाले. दोरा गाभाऱ्याच्या दारातून तिरका आला, छाटलेल्या कोपऱ्याला न शिवता गेला, झरोक्यातून बाहेर पडला आणि ओट्यावर, जिथे मी बसते तिथे, माझ्या मांडीच्या उंचीला येऊन ताणला गेला. तिथे हात धरलेला असतो.

मी तिथून बाबांना हाक मारली. ते आतून म्हणाले, “दिसून राह्यली मले तू.”

कोणीतरी देऊळ बांधतानाच खांब छाटला होता, देवीला तो हात दिसावा म्हणून. विटा नंतरच्या असतील, जागा पहिल्यापासूनची होती. मी तो दोरा नकाशावर लाल शाईने काढला. मग दीपकभाऊ म्हणाले, नकाशात अशा रेघोट्या बऱ्या दिसत नाहीत, ऑफिसात प्रश्न विचारतात. मी नवा नकाशा काढला. रेघ नसलेला. समीना, मला कुणी धमकावलं नव्हतं. मला फक्त चांगलं म्हणत होते.

मशीनने ओटा उचकटला तेव्हा विटांखालून काळे दगड निघाले, हे तुम्ही पाहिलं नाही. चाचांना तोवर तू आणि खाला घरी घेऊन गेला होतात. बिनचुन्याचे, देवळाचेच. मी विटा पाहून निकाल दिला होता, खाली खणून पाहिलं नव्हतं. दीपकभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मशीनवाल्याला म्हणाले, “नव्या गेटच्या भरावात टाक.” बाबांनी त्यातला एक दगड बाजूला लोटला. संध्याकाळी तो आमच्या दाराशी होता. मी बघत राहिले तर म्हणाले, “पाय धुवाले झाला.” पण त्यावर कुणी पाय धुतलेले मी अजून पाहिले नाहीत. बाबा त्याला वळसा घालून जातात.

मी त्यांना एकदा विचारलं की कमिटीला सांगायचं का. ते म्हणाले, “आपन गुरव. आपल्याले बेल असते, फूल असते. मत नसते.”

तुम्ही गाव सोडलं त्या दिवशी मला तापही नव्हता.

छाया


कोलदरा
१ सप्टेंबर २०२४

समीना,

तू आतल्या खोलीत होतीस, मला पडद्याखालून तुझी पावलं दिसत होती. म्हणून जे बोलले ते तू ऐकलंस. तरी लिहिते, कारण काही मी बोलले नाही.

चाचा गेल्याचं मला नवव्या दिवशी कळलं. बाजारात, तुमच्या त्याच शेजारणीकडून. ती म्हणाली मार्चपासून त्यांचा उजवा हात कापायचा, बांगडी धरवत नव्हती, म्हणून त्यांनी दुकान लावलंच नाही. मग एका सकाळी उठलेच नाहीत. डॉक्टर साखर म्हणतात. मी साखर धरून बसायला तयार आहे, पण मला ते जमत नाही.

मी बाबांना न सांगता देऊळघाटला आले. वाटेत काय बोलायचं ते घोकत होते. दारात नूरजहां खाला उभ्या राहिल्या आणि मी घोकलेलं विसरले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि समोर बसल्या. रडल्या नाहीत. मला वाटत होतं त्या रागावतील तर बरं.

“पत्रं तुहीच ना?” म्हणाल्या.

“हो.”

“समीना वाचून दाखवते. यायनं बी आयकली.” यायनं म्हणजे चाचांनी. “दोऱ्याचं आयकलं तवा उठून बसले. म्हने, मले माहीतच नव्हतं दोरा तिथं येते. चाळीस साल बसलो म्हने, अन् माहीत नव्हतं. लई खूश झाले.”

मी काहीतरी म्हणाले. माफ करा असं काहीतरी.

“मंग म्हने, हे पोरीनं पुस्तकात काऊन नाई लिवलं?” खालांनी माझ्यापुढचा पेला उचलला. “मी काय सांगू त्यायले?”

मला त्यांनी अर्जाचा कागद दाखवला. चाचांनी मे महिन्यातच पाचव्या माळेच्या मानाबद्दल बुलढाण्याला धर्मादाय ऑफिसात अर्ज केलेला, आणि चोवीस सप्टेंबरला त्याची तारीख आहे, हे मला तिथेच कळलं. आता अर्ज खालांच्या नावावर चालणार. खाला म्हणाल्या, “वकील म्हनते, कमिटीकडं तुह्यं पुस्तक हाय. आपल्याकडं काय हाय? बाईनं हात धरला अन् मानसानं बांगड्या भरल्या, याचा कागद कोन करून ठेवते? त्या तारखेले काही नाई दाखवलं तर झालं. मंग तो मान कधी नव्हताच.”

निघताना त्या आत गेल्या आणि कागदाची एक पुडी घेऊन आल्या. उघडून धरली. हिरव्या बांगड्या, बावीस. “औंदाच्या. जुलैमंदीच काढून ठेवल्या त्यायनं. तुह्या हाताले दोन-चार लागते ना? दोन-सहाच्या काढल्या. म्हने, पोरीचा हात वाढला असंन.”

मी हात पुढे केला. कसा केला मला माहीत नाही, सवयीने.

खालांनी पुडी मिटली. “देनार नाई तुले. पाहून घे.”

मी पाहिल्या. त्यावर वर्तमानपत्राची घडी होती आणि दोरा बांधलेला. परतीच्या एस.टी.त मी माझ्या मनगटाकडे बघत होते. चाचांचं बरोबर आहे, समीना. दोन-चार आता चढणार नाहीत.

पडद्यामागे तू एकदा खोकलीस. मी थांबले होते. नंतर काही आवाज आला नाही, म्हणून निघाले.

छाया


बुलढाणा, बस स्टँड
२५ सप्टेंबर २०२४

समीना,

हे पत्र मी बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल. काल तू ऑफिसच्या आवारात मला पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. ते बरोबरच होतं. तुला वाटलं असेल मी कमिटीच्या बाजूने आले. गाडीही मी त्यांचीच वापरली होती.

दीपकभाऊ रविवारी खोलीवर आले होते. त्यांना माझी सही हवी होती, की पुस्तकातला मजकूर माझा आणि अभ्यासपूर्वक लिहिलेला आहे. ते बाबांशीच बोलत होते. “रामरावकाका, तुमचं वय झालं. पूजा कोन करते, खोली कोनाची, हे कमिटीत निघते कधी कधी. मी दाबून धरतो.” मग मला म्हणाले, “ताई, तू खोटं काही लिहिलं होतं का?”

“नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता, पाचातलं एक नाव फक्त एकटं उरलं होतं. पण हे मला तेव्हा बोलता आलं नाही.

“मंग सही कराले काय हरकत हाय?”

मी म्हणाले, तिथे येऊन करते.

ते गेल्यावर मी दाराशी तो दगड धुतला आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढला. वरून, बाजूने, छिन्नीचे घाव दिसतील असा. पट्टी ठेवून. बाबा बेल निवडत होते. त्यांनी पाठ केली. “कर तुले जे करायचं ते,” म्हणाले. “माह्यं नाव नको त्यात.”

सोमवारी मी तुमच्या वकिलांना फोन केला. त्यांनी विचारलं, आधी कुठे होतात? मी किती वाजता यायचं ते विचारलं.

काल सकाळी कमिटीच्या गाडीत मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसले. दीपकभाऊंनी वाटेत केळी घेतली, मला दोन दिली. मी खाल्ली. हेही लिहिते, कारण मला तुला शूर दिसायचं नाही.

आत गेल्यावर त्यांनी टाईप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. मी तो बाजूला सरकवला आणि माझी निळी वही काढली. पहिला मसुदा, पाच नावांची यादी, पाचव्या माळेची पावणेदोन पानं. लाल रेघेचा नकाशा. छापखान्याचं प्रूफ, ज्यात पान अकरावर माझ्या हाताने दीर्घ केलेला ‘पू’ आहे. दगडाचे फोटो. आणि हाताने लिहिलेला जबाब, साडेचार पानं. त्यात शेवटी लिहिलं आहे की ओटा ही नंतरची भर आहे हा माझा निष्कर्ष चुकीचा होता, आणि ज्या रूपात तो छापला गेला ते मला माहीत होतं.

दीपकभाऊ हळूच म्हणाले, “ताई, घरी जाऊन बोलू ना.” मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित गेले असते.

जबाब घेणाऱ्या बाबूंनी विचारलं, हा फोटोतला दगड कुणाच्या ताब्यात आहे? मी म्हणाले, आमच्या. कुणी आणला? मी वडिलांचं नाव सांगितलं. ते लिहून घेतलं.

काल मी गाडीत परत गेले नाही, एस.टी.ने गेले. घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. बाबांच्या हातातली गाभाऱ्याची किल्ली कुणीतरी नेली होती. ते दाराशी दगडाजवळ बसले होते. मला म्हणाले, “माह्यं नाव कायले सांगितलं?” मी म्हणाले, त्यांनी विचारलं म्हणून. “चिखलीत प्रूफ वाचलं तवा बी कोनी विचारलं असतं, तर सांगितलं असतं तू,” ते म्हणाले. “तुले विचारा लागते, छाया.” मला ते कधी नावाने हाक मारत नाहीत.

रात्री जेवले नाहीत. सकाळी मी निघाले तेव्हा भांडी बांधत होते. सामान आधी अमडापूरला आत्याकडे जाईल. पाचवी माळ तेरा दिवसांवर आहे आणि कमिटीने हातासाठी दुसरी कुणी बघायला सुरुवात केली आहे, म्हणतात. बांगड्या कोण भरणार ते ठरलं नाही. पुढची तारीख नवरात्रानंतरची आहे. निकाल काय लागेल ते तुमचे वकीलही सांगत नाहीत. ओटा नाही, दगड गेटखाली आहेत, झरोका आहे अजून. चाचा नाहीत. मी जे दिलं त्यातून यातलं काही परत येत नाही, हे मला कळतं.

आज पुन्हा आले ती पोच घ्यायला. काल साहेबांचा शिक्का राहिला होता. बाबूंनी जबाब पुढे घेतला आणि म्हणाले, एक रकाना कोरा सोडला तुम्ही. ‘प्रकरणाशी संबंध.’ लेखिका लिहू का?

मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. ‘देवीचा हात.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. “हा काय संबंध झाला?”

“गुलजार मनियार ज्या हातात बांगड्या भरत होते, तो,” मी म्हणाले. “असंच राहू द्या.”

त्यांनी शिक्का मारला. पोचेची प्रत सोबत जोडली आहे.

छाया